खाण कुणाच्या नावावर?

२४ एप्रिल २००७ रोजी लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या वेदांता रिसोर्सेस या कंपनीनं एक मोठी खरेदी जाहीर केली. सेसा गोवा या कंपनीची ५१ टक्के मालकी जपानच्या मित्सुईकडे होती. ती वेदांतानं सुमारे ९८ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. सेसा गोवा तेव्हा खासगी क्षेत्रातल्या बड्या लोहखनिज निर्यातदारांपैकी एक होती. तिच्या खाणी कर्नाटकातही होत्या, पण मूळ गोव्याचं. चीनला पोलाद हवं होतं, लोहखनिजाचे भाव चढत होते. सौदा झाला.

त्यानंतर सात महिन्यांनी २२ नोव्हेंबर २००७ ही तारीख आली आणि गेली. त्या दिवशी गोव्यात काहीही घडलं नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतल्या खाणी रोजच्यासारख्या चालू होत्या. ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या, मांडवी आणि जुवारीतून बार्ज मुरगाव बंदराकडे जात होत्या. सुमारे दीड वर्षानं, जून २००९ मध्ये, सेसा गोवानं धेंपो समूहाचा खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना घेतला.

मग २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. पोर्तुगीज काळातल्या हक्कांवर उभी असलेली गोव्यातली सगळी खाण लीज २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. त्यानंतर जे उत्खनन झालं, ते बेकायदा होतं.

म्हणजे पहिल्या सौद्यात मुदत संपायला सात महिने उरलेली लीज होती आणि दुसऱ्या सौद्यात ती आधीच संपलेली होती. हे सगळं सात वर्षांनी, मागं वळून पाहताना ठरलं. खरेदी करणाऱ्यांनी कागद वाचले नाहीत, असं यातून सिद्ध होत नाही. एवढ्या मोठ्या सौद्यात वकिलांची फौज असते आणि तेव्हाच्या नियमांत लीज चालू मानायला जागा होती. ती जागा काय होती, ते पुढं येईलच. पण एका आख्ख्या राज्यातल्या खाणींचा कायदेशीर हक्क इतका तकलादू कसा निघाला, हे समजून घ्यायला हवं. आज तुम्ही फोनवर दोन बोटांनी एखाद्या खाण कंपनीचे शेअर घेऊ शकता, तेव्हा नकळत असाच एक कागद विकत घेत असता. गोव्याच्या कागदाची गोष्ट १९०६ पासून सुरू होते.

पोर्तुगालचा हुकूमनामा

२० सप्टेंबर १९०६ रोजी पोर्तुगालनं आपल्या वसाहतींसाठी खाणींचा एक हुकूमनामा काढला. गोव्यात खाणकाम जोरात सुरू व्हायला त्यानंतर काही दशकं गेली, पण कायदा हाच राहिला. खनिज शोधणाऱ्यानं आपल्या शोधाची सरकारदरबारी नोंद करायची. या नोंदीला ‘मानिफेस्तु’ म्हणत. त्या नोंदीच्या आधारे पुढं कन्सेशन मागायचं. कन्सेशन मिळालं की त्याचा दाखला हाती यायचा. पोर्तुगीजमध्ये तो ‘तितुलु द कोन्सेसांव’. गोव्यातली जुनी लीज आजही त्याच नावानं ओळखली जातात. ‘टी. सी. नंबर’, मग एक आकडा, मग तिरकी रेघ आणि दाखल्याचं वर्ष.

या दाखल्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला मुदत नव्हती. अटी पाळल्या, कर भरला, तर हक्क कायमचा. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाणारा. सातबाऱ्यावर नाव असावं तसं त्याकडे पाहिलं जाई, आणि त्यात नवल नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहू लागले आणि त्यांना लोहखनिज हवं होतं. गोव्यात डोंगर नदीजवळ होते, नदी बंदराला मिळत होती. मातीत लोहाचं प्रमाण बरं होतं. १९५० च्या दशकात कन्सेशनं भराभर वाटली गेली. व्यापारी घराणी खाणमालक झाली. काहींकडे दाखला होता, पण यंत्रं नव्हती, भांडवल नव्हतं. त्यांनी आपली खाण दुसऱ्याला चालवायला दिली. दाखल्यावर एकाचं नाव, खड्ड्यात दुसऱ्याची माणसं, बंदरावर तिसऱ्याची बिलं. ही पद्धत पुढं अनेक वर्षं टिकली आणि पुढच्या चौकशीत तिच्यावरही बोट ठेवलं गेलं.

‘कायमचं’ हा शब्द मात्र कुणी फारसा तपासला नसावा. एखादं सरकार कायमचा हक्क देतं, तेव्हा ते सरकार स्वतः किती काळ टिकणार आहे, हे दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

सरकार बदललं, कागद तोच

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज राजवट गेली. मग पोर्तुगीज दाखल्यांचं काय?

भारतीय न्यायालयांची याबाबतची भूमिका जुनी आणि कठोर आहे. नवं राज्य आलं की जुन्या राज्यानं दिलेले हक्क आपोआप चालू राहत नाहीत. नव्या राज्यानं ते मान्य केले, तरच ते न्यायालयात टिकतात. दमणमधल्या एका व्यापाऱ्याला याचा अनुभव आला. पोर्तुगीज सरकारनं शेवटच्या महिन्यांत दिलेल्या आयात परवान्यांवर त्यानं भारत सरकारकडे हक्क सांगितला. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं त्याला नकार दिला. परवाना खरा होता, सही खरी होती, शिक्का खरा होता. पण ज्या सरकारचा शिक्का होता, ते आता उरलं नव्हतं.

खाणींच्या बाबतीत नव्या सरकारनं तडकाफडकी काही केलं नाही. निर्यातीतून परकीय चलन येत होतं, हजारो लोकांचं पोट त्यावर होतं. भारताचा १९५७ चा खाण आणि खनिज कायदा १९६३ मध्ये गोव्याला लागू झाला. या कायद्यात ‘कायमचं’ काही नाही. लीज ठरावीक वर्षांचं असतं, नूतनीकरणालाही मर्यादा असते. गोव्यात मात्र एका बाजूला मुदतीचा भारतीय कायदा आणि दुसऱ्या बाजूला बिनमुदतीचे पोर्तुगीज दाखले, असं दोन्ही चालू राहिलं. कुठला वरचढ, हे कुणी ठरवलं नाही.

१९७५ मध्ये केंद्राच्या अधिकाऱ्यानं जुन्या लीजधारकांकडून माहिती मागवली आणि गोव्याच्या कन्सेशनधारकांनाही ती नोटीस गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. आमची कन्सेशनं म्हणजे लीज नव्हेतच, त्यांना भारतीय लीजचे नियम लावू नका, असं त्यांचं म्हणणं. १९८३ मध्ये उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. या कन्सेशनांना लीज समजून वागायला केंद्राला मनाई झाली.

त्या दिवशी एखाद्यानं गोव्यातल्या खाणीचा हक्क तपासला असता, तर अहवाल चोख आला असता. दाखला अस्सल, वारसांची साखळी पूर्ण, आणि वर उच्च न्यायालयाचा ताजा निकाल. आणखी काय हवं?

मागच्या तारखेचा कायदा

चार वर्षांनी संसदेनं या निकालाला उत्तर दिलं. २३ मे १९८७ रोजी एका नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गोवा, दमण आणि दीवमधली खाण कन्सेशनं रद्द झाली आणि त्यांचं रूपांतर खाण लीजमध्ये झालं. कायद्याच्या परिशिष्टात पाचशेहून अधिक कन्सेशनांची यादी होती. रद्द होण्याची तारीख होती २० डिसेंबर १९६१. म्हणजे मुक्तीचा दुसरा दिवस, आणि तोही २५ वर्षं मागं जाऊन.

यात ‘मानीव’ हा शब्द कळीचा आहे. ही लीज कुणी अर्ज करून, करार करून घेतली नव्हती. १९६१ पासून ती लीजच होती, असं कायद्यानं मानलं. आणि या मानीव लीजची पहिली मुदत कायद्याला संमती मिळाल्यापासून सहा महिने, म्हणजे २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंत ठेवली.

कायमच्या हक्काचं आयुष्य आता तारखेत मोजलं जाऊ लागलं. पुढं जास्तीत जास्त २० वर्षांचं नूतनीकरण मिळू शकत होतं. १९८७ मध्ये २० मिळवले की २००७ येतं. ही बेरीज कुणालाही करता आली असती, आणि ती गुपित नव्हती. राजपत्रात छापलेल्या कायद्यात होती.

कन्सेशनधारकांनी या कायद्यालाही आव्हान दिलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो मुख्यतः कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं प्रलंबित राहिलं. तोवर अंतरिम आदेशांवर खाणकाम चालू राहिलं. पैसे भरले जात होते, ट्रक धावत होते, आणि मूळ प्रश्न फाइलमध्ये होता.

दोन सौदे, एक नियम

२००७ जवळ आलं तेव्हा खाणवाल्यांनी दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज केले. सरकारनं त्यांवर निर्णय घेतला नाही. इथं सुरुवातीला म्हटलेली ती जागा येते. तेव्हाच्या नियमांत एक तरतूद होती. अर्ज वेळेत केला असेल आणि सरकारचा निर्णय व्हायचा असेल, तर तोपर्यंत लीज चालू आहे असं मानायचं. वेदांताचा सौदा, धेंपोंचा सौदा आणि गोव्यातून दर वर्षी निघालेलं कोट्यवधी टन खनिज या एका नियमाच्या आधारावर उभं होतं.

आणखी एक बारकावा बघा. २००७ मध्ये वेदांतानं खाणी विकत घेतल्या नाहीत. शेअर विकत घेतले. लीज सेसा गोवाच्या नावावर होती आणि सौद्यानंतरही तिच्याच नावावर राहिली. एखादं लीज थेट दुसऱ्याच्या नावावर करायचं तर सरकारची परवानगी लागते आणि त्या निमित्तानं कागद पुन्हा तपासले जातात. कंपनीच विकत घेतली की ती वेळ येत नाही. लीजमध्ये जो दोष असेल, तो कंपनीसोबत गुपचूप नव्या मालकाकडे येतो.

२०१० मध्ये केंद्रानं देशातल्या बेकायदा लोह आणि मँगनीज खाणकामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोग नेमला. त्याचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. आयोगानं तोट्याचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा दिला. तो आकडा पुढं वादाचा झाला. पण १० सप्टेंबर २०१२ रोजी गोवा सरकारनं खाणकाम थांबवलं. चार दिवसांनी केंद्रानं पर्यावरण परवाने स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. गोवा फाउंडेशन या संस्थेची याचिका न्यायालयापुढं होती.

२०१४ च्या निकालानं तो आधाराचा नियमच बाजूला केला. आपोआप मुदतवाढीची ती सवलत पहिल्या नूतनीकरणापुरती आहे, दुसऱ्याला लागू नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दुसऱ्यांदा नूतनीकरण द्यायचं तर ते खनिज विकासाच्या हिताचं का आहे, हे सरकारनं विचार करून, कारणं नोंदवून ठरवायला हवं. सरकारचं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. निकालात हद्दीचाही प्रश्न होता. लीजच्या हद्दीबाहेर, खासगी जमिनीवरसुद्धा, खनिजाचा कचरा टाकता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. अनेक खाणींसाठी ही अडचणीची बाब होती, कारण लीज लहान, साधारण १०० हेक्टरच्या आतली, आणि मातीचे ढीग डोंगराएवढे.

पावती म्हणजे हक्क नव्हे

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तिला आणखी एक वळण आहे.

निकालाआधीच गोवा सरकारनं अनेक खाण कंपन्यांकडून नूतनीकरणासाठी मुद्रांक शुल्क भरून घेतलं होतं. निकालानंतर कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. सरकारनं आमच्याकडून शुल्क घेतलं आहे, मग लीजही द्यायला हवं, असा त्यांचा युक्तिवाद. ऑगस्ट २०१४ मध्ये तो मान्य झाला. त्यानंतर नोव्हेंबर २०१४ ते १२ जानेवारी २०१५ या काळात सरकारनं ८८ लीजचं नूतनीकरण केलं.

१२ जानेवारी २०१५ या तारखेला एक महत्त्व आहे. त्याच दिवशी केंद्रानं वटहुकूम काढला. यापुढं खाण लीज लिलावानंच द्यायची, हा नवा नियम त्यात होता. देशात कोळसा खाणींच्या वाटपावरून मोठं वादळ उठून गेलं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून वाटलेल्या २१८ कोळसा खाणपट्ट्यांपैकी २१४ रद्द केले होते. लिलावाचा कायदा येणार, हे दिसत होतं. गोव्यात फायली त्याच्या आधी पळत होत्या.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही ८८ नूतनीकरणं रद्द केली. २०१४ च्या निकालानंतर नूतनीकरण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, नवी लीज द्यायला हवी होती, असं न्यायालयानं म्हटलं. सरकारनं दाखवलेल्या घाईवरही ताशेरे होते. १५ मार्च २०१८ पर्यंत काम आटोपून थांबायचं, असा आदेश झाला. कंपन्यांनी शुल्क भरलं होतं, त्यांच्याकडे पावत्या होत्या, सरकारी सहीचे करार होते. हे सगळं असूनही हक्क नव्हता. खाण कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलं आहे. कायद्याच्या तरतुदींविरुद्ध दिलेलं लीज शून्य मानलं जातं. घेणाऱ्याचा हेतू चांगला होता का, त्यानं पैसे भरले होते का, याला तिथं जागा नाही.

शेवटचा प्रयत्न पुन्हा तारखेवरच आला. २०१५ च्या सुधारणेनं जुन्या लीजची मुदत एकूण ५० वर्षं धरली होती. मग गोव्याची ५० वर्षं कुठून मोजायची? १९६१ पासून मोजली तर ती २०११ लाच संपली. १९८७ पासून मोजली तर २०३७ पर्यंत खाणी चालू. एका तारखेच्या फरकावर २६ वर्षांचं खाणकाम अवलंबून होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २०३७ चा दावा फेटाळला. पोर्तुगीज गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख साठ वर्षांनीही भारी पडली.

वरची जमीन कुणाची?

आतापर्यंत आपण खनिजाच्या हक्काबद्दल बोललो. पण खनिजावर माती असते, मातीवर घरं आणि कुळागरं असतात. तो हक्क वेगळा.

आपल्याकडे जमिनीचा विषय निघाला की सातबारा येतो, गोव्यात फॉर्म १ आणि १४. त्यावर नाव असलं की जमीन आपली, असं आपण समजतो. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार जमिनीखालची खनिजं सरकारची आहेत. देशात सगळीकडे असंच आहे असंही नाही. केरळमधल्या मलबारच्या जुन्या जन्मी जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये खालच्या खनिजावर जमीनमालकाचाच हक्क मान्य केला. म्हणून ‘खनिज सरकारचंच असतं’ हे वाक्यही जागेवर जाऊन तपासावं लागतं.

डिचोली तालुक्यातलं मये गाव यात सगळ्यात बोलकं. गावच्या जमिनी पोर्तुगीज काळात एका सरदार घराण्याच्या, मयेच्या कौंटच्या नावावर होत्या. मुक्तीनंतर घराणं पोर्तुगालला गेलं आणि १९६४ च्या कायद्यानं ही मालमत्ता सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहत होते, बागायती करत होते, पण कागदावर ती जमीन त्यांची नव्हती. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षं आंदोलनं केली. मालकी संपवणारा कायदा २०१४ मध्ये झाला. याच परिसरात डोंगराखालचं खनिज मात्र केव्हाच दाखल्यांत, लीजमध्ये आणि कंपन्यांच्या हिशेबात शिरलं होतं. वरच्या माणसाला आपल्या घराचा कागद मिळत नव्हता, तेव्हा खालच्या दगडाला नोंदणी क्रमांक होता.

खाणी बंद झाल्या तेव्हाही फटका सारखा बसला नाही. कंपन्यांकडे वकील होते, दुसऱ्या राज्यांत धंदे होते. ज्यांनी बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला होता, त्यांचे हप्ते थांबले नाहीत. ट्रक घेताना खाणीच्या लीजची मुदत विचारायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही हक्कावरच पैसे लावले होते, फक्त दुसऱ्याच्या.

मग तपासायचं काय?

या इतिहासातून काही प्रश्न सरळ निघतात. कुठल्याही खाण कंपनीत पैसे घालण्याआधी ते विचारता येतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं सार्वजनिक कागदांत असतात.

पहिला प्रश्न: हा हक्क कुणी दिला आणि कुठल्या कायद्याखाली? दाखला अस्सल असणं पुरेसं नाही. देणाऱ्याला तो द्यायचा अधिकार होता का आणि आज तो अधिकार मान्य आहे का, हे बघायचं.

दुसरा: कधीपर्यंत? तारीख लीजच्या करारावर असते तशीच कायद्यात असते, आणि दोन्हींत फरक पडला तर कायदा जिंकतो. २०१५ च्या सुधारणेनं स्वतःच्या कारखान्यासाठी नसलेल्या, म्हणजे बाजारात खनिज विकणाऱ्या जुन्या लीजना किमान ३१ मार्च २०२० पर्यंत, तर स्वतःच्या कारखान्यासाठीच्या लीजना किमान ३१ मार्च २०३० पर्यंतची मुदत दिली. कंपनीकडे कुठल्या प्रकारचं लीज आहे, यावर तिचं पुढचं दशक ठरतं. नोंदणीकृत कंपन्यांच्या वार्षिक अहवालात खाणींची आणि मुदतींची माहिती शोधता येते.

तिसरा: लीज आत्ता चालू आहे ते कराराच्या जोरावर, की एखाद्या प्रलंबित अर्जाच्या किंवा अंतरिम आदेशाच्या जोरावर? यातलं दुसरं उत्तर आलं तर तो हक्क उसना आहे, असं समजून किंमत लावायची. वार्षिक अहवालात शेवटी बारीक अक्षरांत ‘संभाव्य देणी’ आणि न्यायालयीन प्रकरणांच्या टिपा असतात. गोव्यासारखी गोष्ट आधी तिथं उमटते. न्यायालयांचे आदेश आता संकेतस्थळांवर मिळतात आणि प्रकरणाची सद्यस्थिती फोनवरही दिसते.

चौथा: दाखल्यावरचं नाव आणि खड्ड्यातली माणसं एकच आहेत का? खाण दुसराच कुणी चालवत असेल, तर त्याला कायद्याची परवानगी आहे का?

पाचवा: हद्द कुठपर्यंत? नकाशावरची रेघ, जागेवरचे खांब आणि मातीचे ढीग यांचा मेळ बसतो का? आत कुणाची घरं, देवळं, पाण्याचे झरे आहेत का? जवळ अभयारण्य आहे का? वनखात्याची आणि पर्यावरणाची परवानगी हे लीजपेक्षा वेगळे कागद आहेत. एक असला म्हणून दुसरा असतोच असं नाही.

हे सगळं तपासूनही धोका शून्य होत नाही. १९८३ मध्ये तपासणाऱ्याला १९८७ चा कायदा दिसला नसता. पण १९८७ नंतर तपासणाऱ्याला २००७ ची तारीख नक्की दिसत होती. काही धोके कुणालाच दिसत नाहीत आणि काही राजपत्रात छापलेले असतात. भाव चढत असताना दुसऱ्या प्रकारचे धोकेही वाचायचा कंटाळा येतो, कारण शेजारी आधीच पैसे कमावत असतो.

डिसेंबर २०२२

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात नव्या पद्धतीनं पहिले लिलाव झाले. डिचोलीचा खाणपट्टा वेदांतानंच घेतला. या वेळी बोली होती ती निघणाऱ्या खनिजाच्या ठरलेल्या किमतीतला किती वाटा सरकारला द्यायचा याची. बोली साठ टक्क्यांच्या वर गेली. जुन्या काळात हेच खनिज रॉयल्टीवर निघत होतं, आणि त्याआधी एका पोर्तुगीज दाखल्यावर. नव्या लीजची मुदत ५० वर्षं. ती कुठून मोजायची, यावर निदान या वेळी वाद नाही.

लिलावानंतर डिचोली परिसरातल्या गावांमधून मागणी आली, की खाणपट्ट्याच्या क्षेत्रातून आमची घरं आणि देवळं वगळा. नव्या कागदावर सरकारची सही आहे, मुदत आहे, हद्द आखलेली आहे. त्या हद्दीच्या आत राहणाऱ्यांकडेही त्यांचे कागद आहेत, आणि काहींना ते मिळायला पन्नासहून जास्त वर्षं लागली आहेत. पुढचा गुंतवणूकदार हे लीज तपासायला घेईल, तेव्हा त्यानं हा दुसरा गठ्ठाही उघडून बघायला हवा.